सावली खरी, आजार खोटा



तान्ह्या बाळाच्या छातीचा एक्स-रे तुम्ही कधी पाहिलाय का? मध्यभागी हृदयाची सावली असते. तिच्या वरच्या अंगाला, गळ्याच्या खाली, आणखी एक रुंद सावली दिसते. कधीकधी ती होडीच्या शिडासारखी एका बाजूला पसरलेली असते. ही थायमस नावाच्या ग्रंथीची सावली. आज एमबीबीएसचा विद्यार्थीसुद्धा ती पाहून सांगेल, "नॉर्मल आहे, काळजी नको."

साधारण शंभर वर्षांपूर्वी मात्र हीच सावली पाहून अमेरिकेतले नावाजलेले डॉक्टर आईवडिलांना सांगत, की तुमच्या बाळाच्या जिवाला धोका आहे. मग बाळाच्या छातीवर आणि गळ्याच्या खालच्या भागावर क्ष-किरणांचा उपचार केला जाई. बाळ हसतखेळत घरी जाई, आईवडील डॉक्टरांचे आभार मानत. पुढे कित्येक वर्षांनी त्यांतल्या काही मुलांच्या गळ्यात गाठ येई, आणि तिचा संबंध त्या जुन्या उपचाराशी असेल हे कोणाच्या ध्यानीमनीही नसे.

या गोष्टीत भोंदू वैद्य कुठेही नाही. यंत्र खरं होतं, फोटो खरा होता, डॉक्टर शिकलेले आणि बहुतांशी प्रामाणिक होते. तरीही निरोगी बाळांवर नको तो उपचार झाला, आणि तो एक-दोन वर्षं नव्हे तर जवळजवळ पन्नास वर्षं चालला. असं कसं होऊ शकतं, हे समजून घेतलं तर आज तुमच्या हातात पडणारा रिपोर्ट कसा वाचायचा, याचीही थोडी समज येईल. म्हणून आज औषधगोळ्यांऐवजी थोडा इतिहास.

नवं यंत्र, नवा भरवसा

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्ग इथे विल्हेल्म रोंटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला, त्यात बोटांची हाडं आणि बोटातली अंगठी स्पष्ट दिसत होती. जानेवारी १८९६ मध्ये ही बातमी जगभर पसरली. जिवंत माणसाच्या शरीरात न कापता डोकावता येतं, ही कल्पनाच त्या काळी थरारक होती. काही आठवड्यांतच डॉक्टर मोडलेली हाडं आणि शरीरात रुतलेल्या गोळ्या या किरणांनी शोधू लागले. रोंटजेन यांना १९०१ साली भौतिकशास्त्रातलं पहिलं नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या शोधाचं पेटंटही त्यांनी घेतलं नाही.

धोक्याची घंटाही तितक्याच लवकर वाजली होती. थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली नावाचे सहायक क्ष-किरणांच्या नळ्या तपासत असत, आणि तपासायला स्वतःचेच हात वापरत. हातांवर जखमा झाल्या, त्या चिघळल्या, कर्करोग झाला, हात कापावे लागले. १९०४ साली, चाळिशीच्या आतच, ते वारले. एडिसन यांनी क्ष-किरणांचं काम सोडून दिलं. या किरणांवर काम करता करता जीव गमावलेल्या डॉक्टरांचं आणि तंत्रज्ञांचं एक स्मारक १९३६ साली जर्मनीत हँबुर्गला उभं राहिलं.

म्हणजे किरण घातक असू शकतात, हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण यंत्राची मोहिनी इतकी मोठी होती, की धोका हा "जास्त वापरणाऱ्यांचा" प्रश्न समजला गेला. आपल्याला थोड्याशाने काय होणार?

ही मोहिनी किती पसरली होती याचं सगळ्यात गमतीदार, आणि खरं तर भीतीदायक, उदाहरण बुटांच्या दुकानातलं आहे. बोस्टनच्या डॉ. जेकब लो यांनी पायांचा एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या पेटंटसाठी १९१९ साली अर्ज केला. ते पेटंट १९२७ साली मिळालं. लाकडी कपाटासारखं हे यंत्र. खालच्या खाचेत नवा बूट घातलेले पाय ठेवायचे, आणि वरच्या तीन झरोक्यांतून एकाच वेळी मूल, त्याची आई आणि दुकानातला विक्रेता असे तिघे आत बघायचे. हिरवट पडद्यावर मुलाच्या पायाची बोटं वळवळताना दिसायची. १९५०च्या सुमारास एकट्या अमेरिकेत अशी सुमारे १०,००० यंत्रं होती, ब्रिटनमध्ये सुमारे ३,०००. पेनसिल्व्हेनिया राज्याने त्यांच्यावर पहिली बंदी घातली ती १९५७ साली.

आता विचार करा. बूट घट्ट आहे की सैल, हे कळायला अंगठ्याने दाबून बघणं आणि मुलाला चार पावलं चालायला लावणं पुरतं. यंत्रात हाडं दिसत आणि बुटाचे खिळे दिसत, पण पायाचं मांस कुठे दाबलं जातंय ते धड कळतही नसे. तरी आईला वाटे, "यंत्राने बघितलंय, आता चूक होणार नाही." आणि बूट विकणारा मुलगा क्षणात तज्ज्ञ ठरे, कारण त्याच्या शेजारी यंत्र उभं होतं.

बुटाच्या दुकानात ही तऱ्हा, तर दवाखान्यात काय असेल?

थायमसवरचा संशय

थायमस छातीच्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर असते. बाळपणी ती मोठी असते, वयात आल्यावर हळूहळू आकसते. ती नेमकं काय काम करते, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणालाच माहीत नव्हतं.

त्या काळी डॉक्टरांपुढे एक मोठं कोडं होतं. रात्री व्यवस्थित दूध पिऊन झोपलेलं बाळ सकाळी मृतावस्थेत सापडायचं. क्लोरोफॉर्म देऊन किरकोळ शस्त्रक्रिया सुरू केली, की एखादं धडधाकट मूल टेबलावरच दगावायचं. शवविच्छेदन केलं तर बाकी काही सापडत नसे, पण थायमस मात्र भलीमोठी दिसे. १८३० साली योहान कोप या जर्मन डॉक्टरांनी मांडलं, की ही वाढलेली ग्रंथी श्वासनलिका दाबते आणि बाळ गुदमरतं. १८५८ साली अलेक्झांडर फ्रीडलेबेन यांनी नीट अभ्यास करून सांगितलं, की असा काही आजारच नाही. पण १८८९ साली व्हिएन्नाच्या अर्नोल्ड पाल्टाउफ यांनी ही कल्पना नव्या रूपात परत आणली: काही मुलांची प्रकृतीच अशी असते, त्यांची थायमस आणि लसिका ग्रंथी मोठ्या असतात, आणि अशी मुलं किरकोळ कारणानेही दगावतात. या प्रकृतीला भारदस्त लॅटिन नाव मिळालं, "स्टेटस थायमिकोलिम्फॅटिकस".

आजाराला नाव मिळालं की तो खरा वाटू लागतो. शिवाय हे नाव फार सोयीचं होतं. बाळ अचानक गेलं तर आईवडिलांना काहीतरी कारण सांगता येई. क्लोरोफॉर्म देताना मूल गेलं तर दोष औषधाचा किंवा देणाऱ्याचा नाही, मुलाच्या प्रकृतीचा, असंही म्हणता येई.

आता यात क्ष-किरण आले. पूर्वी ही "वाढलेली" ग्रंथी मृत्यूनंतरच दिसायची, ती आता जिवंत बाळात दिसू लागली. शिवाय क्ष-किरणांनी लसिका पेशी मरतात, हे १९०३ साली हाइनेके यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवून दिलं होतं. मग १९०७ साली सिनसिनाटीच्या डॉ. आल्फ्रेड फ्रीडलँडर यांनी मोठ्या थायमसच्या एका बाळावर क्ष-किरणांचा उपचार यशस्वी झाल्याचं प्रसिद्ध केलं. त्याआधी काही ठिकाणी ही ग्रंथी शस्त्रक्रियेने काढत आणि त्यात बरीच मुलं दगावत. त्या मानाने हा उपचार वरदानच वाटला. रक्त नाही, भूल नाही, बाळाला दुखतही नाही.

बघता बघता ही पद्धत रूढ झाली. श्वास घेताना आवाज करणारी बाळं, रडताना निळी पडणारी बाळं, टॉन्सिल काढायला आलेली मुलं, सगळ्यांचे एक्स-रे निघू लागले. काही रुग्णालयांत तर तक्रार नसलेल्या नवजात बाळांचेही निघत. सावली रुंद दिसली, की उपचार.

मोठी, पण कशापेक्षा मोठी?

इथे या गोष्टीची खरी गाठ आहे. थोडं सावकाश वाचा.

एखादी गोष्ट "मोठी" आहे असं म्हणायला आधी "नेहमीची" किती ते माहीत हवं. त्या काळच्या डॉक्टरांना थायमसचा नेहमीचा आकार कुठून कळला? शवविच्छेदनातून. आणि शवविच्छेदनाला मृतदेह कोणाचे मिळत? गरिबांचे. इंग्लंडमध्ये १८३२च्या कायद्याने बेवारस मृतदेह शरीररचनेच्या अभ्यासासाठी मिळू लागले. ते बहुतेक दरिद्री लोकांच्या आश्रयगृहांतले आणि धर्मादाय रुग्णालयांतले असत. ही माणसं आणि मुलं उपासमारीने, क्षयाने, जुलाबांनी, महिनोन्महिने खंगून गेलेली.

आज आपल्याला माहीत आहे, की उपासमार, लांबलेलं आजारपण आणि शरीरावरचा ताण यांनी थायमस झपाट्याने आकसते. काही दिवसांतही तिचं वजन खूप घटतं. स्वीडनमधल्या हामार यांनी हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं. म्हणजे पाठ्यपुस्तकांत "नॉर्मल" म्हणून छापलेली थायमस ही खरं तर खंगलेल्या मुलांची आकसलेली थायमस होती.

मग चांगल्या घरातलं, खातंपितं, गुटगुटीत बाळ अचानक दगावलं की त्याची थायमस डॉक्टरांना राक्षसी वाटे. प्रत्यक्षात तीच निरोगी होती. आजाराचं माप निरोगी ठरलं आणि निरोगी बाळ आजारी ठरलं.

इथे आणखी चांगला एक्स-रे काढून काहीही उपयोग झाला नसता. फोटो जितका स्वच्छ, तितकी ती सावली अधिक ठळक, आणि डॉक्टरांची खात्री तितकीच पक्की. यंत्राने प्रश्नाचं उत्तर अचूक दिलं होतं: सावली इतकी रुंद आहे. "मग हा आजार आहे का?" हा प्रश्न यंत्राचा नव्हताच. तो माणसांचा होता, आणि माणसांनी तो सोडवल्यासारखा करून बाजूला ठेवला होता. त्यातही ही सावली बाळाने श्वास सोडला की रुंद दिसते आणि श्वास घेतला की अरुंद. म्हणजे एकाच बाळाचे दोन फोटो काढले तर एकात आजार आणि दुसऱ्यात नाही, असंही होऊ शकतं.

उपचाराला यश का येत होतं?

तुम्ही विचाराल, की उपचार चुकीचा होता तर पन्नास वर्षांत कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण उपचाराला यश येत होतं!

क्ष-किरणांनी थायमस खरोखर आकसे. पुढच्या एक्स-रेमध्ये सावली अरुंद दिसे. डॉक्टर दोन्ही फोटो शेजारी ठेवून आईवडिलांना दाखवत. आणि बाळाची तक्रारही जाई. श्वास घेताना आवाज करणाऱ्या बऱ्याच तान्ह्या बाळांमध्ये स्वरयंत्राच्या कूर्चा कोवळ्या असतात, त्यामुळे तो आवाज येतो. बाळ वाढतं तशा त्या घट्ट होतात आणि दीड-दोन वर्षांत बहुतेकांचा आवाज आपोआप थांबतो. रडताना श्वास रोखून निळी पडणारी मुलंही मोठी होता होता ती सवय सोडतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडत होती, आणि श्रेय कावळ्याला मिळत होतं.

ज्या बाळांना उपचार दिला नाही, त्यांचं काय झालं? हा एक प्रश्न विचारला असता तर सगळा डोलारा कोसळला असता. पण उपचार हाती असताना तो न देता बाळाला तसंच ठेवायला धजणार कोण? डॉक्टरही घाबरत आणि आईवडीलही.

शेवटी उत्तर आलं ते कोणत्याही नव्या यंत्रातून नव्हे, साध्या मोजमापातून. पहिल्या महायुद्धात तरुण, धडधाकट सैनिक क्षणात मारले गेले. त्यांची शवविच्छेदनं झाली तेव्हा दिसलं, की निरोगी माणसाची थायमस पुस्तकातल्यापेक्षा बरीच मोठी असते. पुढे ब्रिटनमध्ये मेडिकल रिसर्च कौन्सिल आणि पॅथॉलॉजिकल सोसायटी यांनी एक समिती नेमली. अपघातात अचानक गेलेल्या, म्हणजे मरेपर्यंत निरोगी असलेल्या व्यक्तींच्या थायमसची वजनं तिने गोळा केली. १९३१ साली अहवाल आला: असा स्वतंत्र आजार अस्तित्वात असल्याचा काहीही पुरावा नाही.

आजारच नाही म्हटल्यावर उपचार दुसऱ्या दिवशी थांबायला हवा होता. तो थांबला नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर भागात बाळांच्या थायमसवर किरण देणं १९५७ पर्यंत चालू होतं. ज्यांनी वर्षानुवर्षं हा उपचार दिला होता, ज्यांनी तो विद्यार्थ्यांना शिकवला होता, त्यांना एक अहवाल वाचून थांबणं जड गेलं. साप म्हणून भुई धोपटणं चालूच राहिलं.

हिशेब

१९५० साली न्यूयॉर्कच्या डफी आणि फिट्झजेराल्ड या डॉक्टरांनी थायरॉईडचा कर्करोग झालेल्या १८ वर्षांखालच्या २८ मुलांची माहिती तपासली. मुलांमध्ये हा कर्करोग मुळात दुर्मीळ. त्यांतल्या साधारण एक तृतीयांश मुलांना तान्हेपणी थायमससाठी क्ष-किरण दिलेले होते. थायमसच्या जरा वर, गळ्यात, थायरॉईड असते. थायमसवर सोडलेले किरण तिच्यावरही पडत होते, आणि वाढत्या वयातली थायरॉईड किरणांना फार हळवी असते.

त्यानंतर रोचेस्टरला लुई हेम्पलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरण दिलेल्या अडीच हजारांहून अधिक मुलांचा शोध घेतला. तुलनेसाठी त्यांनी त्यांचीच किरण न मिळालेली भावंडं घेतली. एकच घर, एकच खाणंपिणं, फरक फक्त त्या उपचाराचा. कित्येक वर्षं पाठपुरावा केल्यावर दिसलं, की किरण मिळालेल्यांमध्ये थायरॉईडचा कर्करोग भावंडांपेक्षा खूपच जास्त होता. मुली मोठ्या झाल्यावर त्यांच्यात स्तनांचा कर्करोगही जास्त आढळला. शिकागोच्या मायकेल रीस रुग्णालयात सुजलेल्या टॉन्सिलसाठीही मुलांना किरण दिले जात. १९७४ साली त्या रुग्णालयाने जुनी कागदपत्रं काढून अशा पाच हजारांवर लोकांना शोधायला आणि तपासणीला बोलवायला सुरुवात केली.

हेही सांगायला हवं, की किरण मिळालेल्या बहुतेक बाळांना पुढे कर्करोग झाला नाही. पण ज्यांना झाला त्यांना तो एका नसलेल्या आजाराच्या उपचाराने झाला.

आणि ती थायमस? १९६१ साली लंडनमध्ये काम करणाऱ्या जॅक मिलर यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीचे सैनिक तयार होण्यासाठी बाळपणी ही ग्रंथी अत्यंत आवश्यक असते. ज्या ग्रंथीचं काम कोणालाच माहीत नव्हतं, ती अर्धं शतक आपण जाळत होतो.

पुन्हा एकदा गळाच

"हे जुन्या काळचं झालं, डॉक्टर. आता विज्ञान पुढे गेलंय." बरोबर. म्हणून एक अलीकडचं उदाहरण घेऊ. यात किरणही नाहीत, साधी सोनोग्राफी आहे.

दक्षिण कोरियात १९९९ साली कर्करोग लवकर ओळखण्यासाठी सरकारी तपासणी कार्यक्रम सुरू झाला. त्यात थायरॉईडची तपासणी नव्हती. पण रुग्णालयं थोडे जास्तीचे पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफीही सोबत करून देऊ लागली. लोकांना वाटलं, आलोच आहोत तर हेही करून घेऊ. परिणाम काय झाला? २०११ साली थायरॉईडच्या कर्करोगाचं प्रमाण १९९३च्या १५ पट झालं. त्या एका वर्षात ४०,०००हून जास्त लोकांना हे निदान झालं. आणि या कर्करोगाने होणारे मृत्यू? ते जितके होते तितकेच राहिले, वर्षाला तीनशे-चारशे.

इतके कर्करोग लवकर पकडले, तर मृत्यू कमी व्हायला हवे होते. ते झाले नाहीत, कारण पकडलेल्यांतले बहुतेक कर्करोग कधीच कोणाला मारणार नव्हते. दुसऱ्याच कारणाने वारलेल्या लोकांच्या थायरॉईडमध्ये बारकाईने शोधलं तर असे चिमुकले कर्करोग बऱ्याच जणांत सापडतात. माणूस त्यांच्यासह आयुष्य काढतो, त्याला पत्ताही नसतो. पण एकदा दिसल्यावर शांत बसणार कोण? बहुतेकांची थायरॉईड काढली गेली. शस्त्रक्रिया झालेल्या १५,०००हून अधिक लोकांच्या विम्याच्या नोंदी पाहिल्या तेव्हा ११ टक्क्यांच्या पॅराथायरॉईड ग्रंथींचं काम मंदावलेलं आढळलं. अशा लोकांना कॅल्शियमच्या गोळ्यांवर राहावं लागतं. २ टक्क्यांची स्वरतंतूंची हालचाल गेली होती. थायरॉईड काढल्यावर जन्मभराची रोजची गोळी लागते, ती वेगळीच. २०१४ साली कोरियातल्याच काही डॉक्टरांनी ही तपासणी थांबवा असं जाहीर आवाहन केलं, आणि वर्षभरात या शस्त्रक्रिया सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्या.

यंत्र बदललं, शतक बदललं, चूक मात्र तीच. सावली खरी होती. निरोगी माणसांत अशी सावली किती जणांत असते, हे आधी कोणी मोजलं नव्हतं, किंवा मोजलेलं कोणी लक्षात घेतलं नव्हतं.

मग तुम्ही काय करायचं?

आपल्याकडे आता शहरातच नव्हे तर तालुक्याच्या गावीही "फुल बॉडी चेकअप"च्या पाट्या दिसतात. सत्तर-ऐंशी तपासण्या, सणासुदीला सवलत, वर एक स्कॅन. रिपोर्ट मोबाईलवर येतो, त्यात दोन-तीन आकडे लाल असतातच. साधा हिशेब आहे. रक्ततपासणीची नॉर्मल मर्यादा बहुधा अशी ठरवतात, की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत येतात. म्हणजे प्रत्येक तपासणीत शंभरातले पाच निरोगी लोक बाहेर राहणारच. सत्तर तपासण्या केल्यावर एकही आकडा लाल न येणं हेच नवल!

"नॉर्मल" कोणाचं, हा प्रश्न आपल्याला तर फारच जवळचा आहे. पाश्चात्त्य लोकांसाठी बीएमआय २५ पर्यंत ठीक मानतात. भारतीयांना मधुमेह आणि हृदयविकार त्याहून कमी वजनालाच गाठतात, म्हणून आपल्याकडे २३च्या वर गेला की सावध व्हायला सांगतो. आकडा तोच, माणसं वेगळी, अर्थ वेगळा. आता एक्स-रे वाचणारं एआय आलं आहे, त्याचा उपयोगही होईल. पण तेही कोणाच्या तरी फोटोंवरून "नॉर्मल" काय ते शिकलेलं असतं. ती माणसं कोण होती, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

कोणतीही तपासणी किंवा तिच्यावरून सुचवलेला उपचार घेण्याआधी तुमच्या डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारा:

१. असं निरोगी माणसांतही आढळतं का? किती जणांत?

२. या तपासणीचं उत्तर काहीही आलं तरी माझ्या उपचारात काय बदलेल? काहीच बदलणार नसेल तर ती कशासाठी?

३. काही न करता थोडं थांबलो आणि पुन्हा तपासलं तर काय धोका आहे?

४. ज्यांनी हा उपचार घेतला नाही, त्यांचं पुढे काय झालं, हे कोणी पाहिलंय का?

या प्रश्नांनी चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. उलट बोलणं सोपं होतं. एखाद्याला राग आलाच, तर शेजारच्या गावातल्या दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला हरकत नाही.

आता एक महत्त्वाची सूचना. हा लेख वाचून एक्स-रेलाच घाबरू नका. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताकही फुंकून पिण्याची गरज नाही. छातीच्या एका एक्स-रेमधून मिळणारे किरण ०.१ मिलीसीव्हर्टपेक्षा जास्त नसतात. जमिनीतून आणि आकाशातून आपल्याला दर वर्षी सरासरी सुमारे २.४ मिलीसीव्हर्ट मिळतातच. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र १० मिलीसीव्हर्टच्या आसपास मिळू शकतात, म्हणून तो सहज म्हणून करायचा नसतो. लहान मुलांच्या बाबतीत तर नाहीच नाही. पण डोक्याला मोठा मार लागला, अचानक अर्धांगवायूचा झटका आला, दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला, तर डॉक्टर सांगतील तो फोटो त्याच दिवशी काढा. तिथे तो जीव वाचवतो. ज्या तपासण्यांनी खरंच फायदा होतो हे हजारो लोकांवर तपासून सिद्ध झालंय, त्याही टाळू नका. रक्तदाब, साखर, बायकांसाठी गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची तपासणी, या स्वस्त आहेत आणि कामाच्या आहेत.

लहानपणी डोक्याला, गळ्याला किंवा छातीला कुठल्याही कारणाने किरणोपचार झाले असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कितीही वर्षं झाली असली तरी. अशा माणसाची मान हाताने नीट तपासावी लागते आणि गरज पडल्यास सोनोग्राफीही करावी लागते. तीच सोनोग्राफी, जी कोरियात सरसकट सगळ्यांची करून नुकसान झालं, ती इथे उपयोगाची ठरते. यंत्र तेच असतं. ते कोणासाठी आणि कशासाठी वापरायचं, हे आधी माणसाला ठरवावं लागतं.

तुमच्या रिपोर्टमध्ये काही लाल अक्षरात आलं असेल, तर घाबरून रात्रभर मोबाईलवर शोधत बसू नका. रिपोर्ट घेऊन या, वरचे चार प्रश्न विचारा, आणि उत्तर समजेपर्यंत विचारत राहा.